कोपऱ्यांचे देवळे

देवळ्यांची आणि माझी ओळख झाली, त्याच्या दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी माझा टॅबलेट जमिनीवर पाडला.

हातातून निसटला, असं मी म्हणत नाहीये. पाडला. शाळेतला माझा पहिला दिवस होता. चार्जर कुठे लावायचा हे विचारायला मी स्टोअररूमच्या दारात उभी होते. टेबलामागून एक सडपातळ गृहस्थ उठले. साठी ओलांडलेली, शर्टाच्या खिशात दोन पेचकस आणि एक मोजपट्टी. "जरा बघू," म्हणत त्यांनी माझ्या हातातला टॅबलेट घेतला, उलटासुलटा केला, कव्हरच्या चारही कोपऱ्यांवर अंगठा दाबला, मग हात कमरेइतका उंच नेला आणि सोडून दिला.

मी किंचाळले. टॅबलेट कोपऱ्यावर आपटला, एक उडी मारून पालथा पडला. देवळ्यांनी वाकून तो उचलला, काचेवर फुंकर मारली.

"बच गया," ते म्हणाले. "पण नशिबाने. कव्हरने नी."

"अहो, फुटला असता तर?"

"तर आज कळलं असतं, मॅडमजी. कोपऱ्यात हवा नाही याच्या. नुसता रबर आहे. वस्तू सपाट कधी पडत नी. कोपऱ्यावरच पडते. कोपरा पोकळ पाहिजे, दबला पाहिजे, मार खाऊन परत फुगला पाहिजे. हे काय कव्हर आहे का? ये तो दुपट्टा है."

आमच्या इंदूरची मराठी अशीच. 'नाही'चं 'नी' करत वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. देवळ्यांचं तर निघतानाच कुठे पोचेल ते सांगता यायचं नाही.

आमची शाळा बोलता न येणाऱ्या मुलांची. यांतल्या बऱ्याच मुलांना ऐकू येतं, सगळं समजतं, रागही येतो आणि विनोदही कळतात, फक्त तोंडातून शब्द निघत नाही. अशा मुलांच्या टॅबलेटवर चित्रं असतात. पाण्याच्या चित्राला बोट लावलं की टॅबलेट "पाणी" म्हणतो. मशीनचा मराठी आवाज फार कोरडा होता, म्हणून मी सगळे शब्द माझ्याच आवाजात भरले. घरासाठी मराठीत, बाजारासाठी हिंदीत. त्यामुळे दिवसभर शाळेच्या कोपऱ्याकोपऱ्यातून मीच पाणी मागत असते आणि मीच "नको" म्हणत असते.

देवळे या टॅबलेटना "पाटी" म्हणत. ते पूर्वी कापडमिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर राजवाड्याजवळच्या एका दुकानात बॅगा शिवायला बसले आणि तिथून आमच्याकडे स्टोअर आणि दुरुस्ती सांभाळायला आले. लोखंड आणि शिलाई, दोन्ही हातात. आणि डोक्यात एकच विषय: वस्तू कशी पडते.

"पडणारच, भिया," हे त्यांचं आवडतं वाक्य; भिया म्हणजे इंदूरचा भैया. कोणी म्हणालं, मुलांना नीट धरायला शिकवा, की देवळे हात जोडत. "तुमच्या हातून कधी कप पडला नी? तुम्ही तर एम.ए. आहात."

कुठलंही नवीन मूल शाळेत आलं की आम्ही विचारायचो, नाव काय, काय आवडतं. देवळे विचारायचे, "पाडतो की फेकतो?" दोघांची कव्हरं वेगळी. पाडणाऱ्याला कोपरे जाड लागतात. फेकणाऱ्याला पाठ. त्यांच्या स्टोअरच्या भिंतीवर ब्राऊन पेपरवर काढलेले मुलांच्या हातांचे ठसे चिकटवलेले होते, पेन्सिलीने बोटांभोवती फिरवून काढलेले. बाहेरच्या माणसाला वाटायचं कलेचा तास झालाय. ते देवळ्यांचं माप होतं. मूठ कितपत मिटते, अंगठा कुठवर पोचतो, हे पाहून मूठ धरायचा दांडा कव्हरला कुठे बसवायचा ते ठरायचं.

एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मी त्यांना शोधत होते, तर हे स्टेजजवळ फोटोग्राफरशी वाद घालत होते. त्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा चुकीच्या जागी टाचलाय म्हणून. मागे आहेराची रांग थांबलेली, नवरा-नवरी हसरे चेहरे धरून उभे.

त्यांचा स्वतःचा फोन सायकलच्या ट्यूबमध्ये होता. ट्यूब कापून, आतून फडकं लावून. त्यावर बोलताना ते टायर पंक्चर झालेल्या माणसासारखे दिसायचे.

तर, हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग नऊ नवे टॅबलेट आले.

देणगीतून आले होते. आमच्या मुख्याध्यापिका सबनीस मॅडम यांनी त्यांच्यासाठी कव्हरंही मागवली. आकाशी रंगाची, पातळ, पुस्तकासारखी उघडणारी, झाकणात लोहचुंबक. देणगीदार पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. मॅडम वाईट बाई नव्हेत. शाळा चालवायची म्हणजे पाहुण्यांना काय आवडेल याची काळजी त्यांनाच करावी लागते आणि ती काळजी त्यांच्या कपाळावर कायमची बसली होती.

देवळ्यांनी एक कव्हर हातात घेतलं, झाकण दोनदा उघडलं, मिटलं.

"हे नी चालणार."

"का?" मॅडमनी विचारलं.

"झाकण आहे."

"झाकण काचेच्या रक्षणासाठी असतं, देवळे."

"मॅडम, चुंबकाचं झाकण मिटलं की पाटी झोपते. पाटी झोपली की पोरगी गप्प. वहीला झाकण चालतं. तोंडाला कोणी लावतं का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला देवळ्यांचं म्हणणं पटलं होतं, पण नोकरी नवीन होती.

"तुम्ही स्टोअर बघा," मॅडम म्हणाल्या.

पाहुणे आले त्या दिवशी जुईने स्वागत करायचं होतं. जुई नऊ वर्षांची. चालताना उजवा पाय थोडा ओढते, उजवा हात अशक्त. पण डोळे असे, की तुम्ही खोटं बोलायला लागलात तर अर्ध्यातच थांबाल. तिने टेबलावर टॅबलेट उभा केला. कव्हरची मागची घडी म्हणजेच त्याचा आधार. माझ्या आवाजात "नमस्कार" निघाला. मग "माझं नाव" निघालं. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने झाकण फडफडलं आणि पडद्यावर येऊन बसलं. आवाज बंद.

जुईने झाकण उघडलं. पुन्हा सुरुवातीपासून. "नमस्कार. माझं..." झाकण पुन्हा मिटलं. पाहुणे हसले. प्रेमाने हसले, पण जुईला हसण्यातला फरक नको होता, तिला नाव सांगायचं होतं. तिने झाकण धरून ओढलं, तशी मागची घडी कोलमडली, टॅबलेट टेबलावरून घसरला आणि फरशीवर कोपऱ्याने आपटला. काच कोपऱ्यापासून मधोमध तडकली.

मागे दाराशी देवळे उभे होते. त्यांनी पुढे येऊन टॅबलेट उचलला आणि झाकण स्वतःच मिटलं. तेव्हाच मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

बाकीचे आठ टॅबलेट आठ मुलांना ठरवून दिलेले, प्रत्येकाची चित्रं वेगळी. एकाचं तोंड काढून दुसऱ्याला देता येत नाही. जुईचा टॅबलेट दुरुस्तीला गेला तो अकरा दिवस आलाच नाही. तोवर तिला आम्ही चित्रांचा कागदी तक्ता दिला. चाळीस चित्रं होती त्यावर.

पाचव्या दिवशी जुई वर्गात ओरडायला लागली. तक्ता फेकला, माझ्या हाताला चावली, डोकं टेबलावर आपटायला लागली. मी एकेक विचारत गेले. भूक? पाणी? बाथरूम? घरी जायचंय? प्रत्येक प्रश्नाला ती आणखी जोरात ओरडे. शेवटी आम्ही सगळ्यांनी ठरवलं की हट्ट करतेय. संध्याकाळी तिची आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानात पू झाला होता. तीन दिवस ठणकत असणार, डॉक्टर म्हणाले.

टॅबलेटमध्ये "कान" होता. "दुखतंय" होतं. चाळीस चित्रांच्या तक्त्यावर कान नव्हता.

हे मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगत होते तेव्हा देवळे शिडीवर चढून पंखा उघडत होते. माझं बोलणं संपलं तसे ते खाली उतरले, पंख्याची पाती तशीच जमिनीवर सोडून सरळ सबनीस मॅडमच्या खोलीत गेले. मी मागोमाग.

"नऊच्या नऊ कव्हरं मी बनवतो," ते म्हणाले. "नी तर मला सोडा."

"घरी बनवलेल्या कव्हरनं एखाद्या मुलाला काही झालं तर? जबाबदारी कोणाची?" मॅडमनी विचारलं. कानाचं त्यांनाही कळलं होतं.

"माझी."

"लिहून द्या."

मला वाटलं, दोघांपैकी एक जण हसेल आणि विषय संपेल. कोणी हसलं नाही. देवळ्यांनी मॅडमच्याच पेनाने लिहिलं: या कव्हरांमुळे कुठल्याही मुलाला इजा झाली तर मी त्याच दिवशी शाळा सोडेन. खाली सही. मॅडमनी कागद खणात ठेवला.

पुढचे दोन आठवडे स्टोअरमधून शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. देवळ्यांनी चपलांच्या तळव्याचा जाड फोम आणला, बॅगांचं रेक्झिन आणलं. जुईचं कव्हर सगळ्यात आधी झालं. ते मला दाखवताना त्यांनी दार लावून घेतलं.

कव्हर जाड, काळं, ओबडधोबड. कोपरे फुगलेले, प्रत्येकात पोकळी. पुढचा काठ काचेपेक्षा नखभर उंच, म्हणजे पालथं पडलं तरी काच जमिनीला टेकणार नाही. झाकण नाहीच. डावीकडे मूठ धरायला दांडा, जुईच्या डाव्या हाताच्या मापाचा. मागे टेकू, खाली रुंद, म्हणजे बोट जोरात लागलं तरी पाटी मागे जाणार नाही. आवाज कमीजास्त करायच्या बटणांवर फोमची उंच कड.

"ही कशाला?" मी विचारलं.

"धरताना तिचा अंगठा तिथे लागतो. आवाज बारीक होतो आणि तिला वाटतं, कोणी ऐकतच नाहीये. आता नी होणार."

आवाज जिथून निघतो त्या भोकांसमोर त्यांनी पन्हाळीसारखा खोलगट भाग कापला होता. टॅबलेट छातीशी धरला तरी आवाज कापडात न शिरता समोर जाईल असा. सगळ्यात शेवटी पट्टा, खांद्यावरून आडवा घालायचा. कव्हर मॅडमना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी तपासायला पट्टा जरा ओढला, तर मागची चाप सटकन उघडली आणि टॅबलेट त्यांच्या टेबलावर आदळला.

"हा तर सुटतो!"

"सुटायलाच पाहिजे."

"मग पट्टा कशाला, देवळे?"

"हातातून निसटली तर पट्टा धरेल. पण कुठे अडकून गळ्याला ओढ बसली तर सोडेल. आधी पोरगी, मग पाटी."

मॅडमनी डोळे मिटले. "शाळेत ठीक आहे. बाहेर नेण्याआधी ती चाप शिवून टाका. रस्त्यात टॅबलेट पडलेला मला चालणार नाही."

पुढच्या महिन्यात आम्ही चार मुलांना घेऊन राजवाड्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराशी मुलांनी स्वतः बोलायचं, हवी ती वस्तू स्वतः मागायची, असा सराव होता. मी, आणखी एक शिक्षिका, शाळेतल्या दोन मदतनीस आया आणि देवळे. देवळ्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते बसमध्ये आधीच बसलेले होते.

बस सुटल्यावर ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मॅडमजी, चाप शिवली नाही मी."

"का?"

"हात चालला नी."

परत फिरायचं तर बस भर चौकात. मी जुईकडे पाहिलं. काळं कव्हर पोटाशी, पट्टा खांद्यावर. खिडकीतून बाहेर बघत ती एकच चित्र दाबत होती, "बांगड्या. बांगड्या. बांगड्या." माझ्या आवाजात. बसमधले सगळे माझ्याकडे बघत होते.

बांगड्या घेतल्या. दुकानदाराने जुईला तीनदा "जी, बेटा" म्हटलं आणि ती उंच झाल्यासारखी चालायला लागली. सकाळचे अकरा वाजले असतील. ऑटो, दुचाक्या, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल. एका मुलाच्या बुटाचा बंद सुटला. मी जुईचा हात सोडला, वाकले, गाठ मारली आणि उठले.

जुई नव्हती.

असं होतं तेव्हा पहिली दहा सेकंदं माणूस विश्वासच ठेवत नाही. मी आधी माझ्या मागेच पाहिलं. मग दुकानात. मग मी "जुई" म्हणून ओरडले आणि ओरडताना मला कळलं की ती ऐकेल, पण ओ कशी देणार?

दुसऱ्या शिक्षिकेने बाकीच्या तिघांना आणि आयांना दुकानात बसवलं. मी समोरच्या रस्त्याला धावणार, तेवढ्यात देवळ्यांनी माझा दंड पकडला.

"थांबा."

"थांबू काय? सोडा मला!"

"कव्हरचा उजवा खालचा कोपरा घासलेला आहे," ते म्हणाले. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. "ऐका तर. एका महिन्यात फक्त तोच घासला. बाकी तीन नवे कोरे. म्हणजे ती उजव्या भिंतीला धरून चालते. पाय ओढतो ना, टेकायला लागतं. गर्दीत तो भिंत सोडेगी ही नी. उजवी भिंत धरा."

आम्ही उजवी भिंत धरली. दुकानांच्या पायऱ्यांना, शटरला, खांबांना हात लावत निघालो. भिंत सराफ्याच्या गल्लीच्या तोंडाशी वळली, आम्ही वळलो. मी प्रत्येकाला विचारत होते, काळं चौकोनी काही गळ्यात घातलेली मुलगी? लोक मान हलवत. एक जण म्हणाला, "अभी तो एक बच्ची गाडी में अटकी थी, आगे." माझे पाय तिथेच थांबले. देवळे थांबले नाहीत. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता आणि ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर मला ऐकू आलं. "खुली होगी. खुली होगी."

पुढे भांड्यांची दुकानं. कुठे पितळ ठोकणं चाललेलं, कुठे पातेल्यांच्या थप्प्या उतरवत होते. त्या ठणठणाटात मला एक बाई बोलताना ऐकू आली.

"मेरा नाम जुई है. मैं बोल नहीं सकती. मेरी टीचर को बुलाइए."

तो माझा आवाज होता. मीच मला बोलावत होते.

जुई एका दुकानाच्या पायरीवर बसली होती. दुकानदाराची आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती. टॅबलेट मांडीवर. पट्ट्याची दोन टोकं लोंबत होती. जुईच्या मानेवर एका बाजूला लाल रेघ, बोटभर लांब, आणि बाकी काही नाही.

"स्कूटर के शीशे में पट्टा फँसा," म्हातारी सांगत होती. "लड़के ने देखा ही नी, गाड़ी भगा दी. मैं तो चिल्लाई, गई बच्ची. फिर पट्टा खुल गया अपने आप. ये मशीन पत्थर पे गिरी, तीन सीढ़ी नीचे. मैंने कहा टूट गई. पर इसने उठाई और बोलने लगी."

मी जुईला कवटाळलं आणि रडले. देवळे दोन हात लांब उभे राहिले. त्यांनी टॅबलेटला हात लावला नाही, कोपरा पाहिला नाही, पट्टा पाहिला नाही. जुईच्या मानेवरची लाल रेघ पाहिली, मग खांबाला पाठ लावून तिथेच खाली बसले.

शाळेत परतलो तेव्हा सबनीस मॅडम फाटकातच होत्या. त्यांनी जुईला जवळ घेतलं, मान पाहिली, लोंबणारा पट्टा पाहिला.

"शिवायला सांगितला होता मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नाही शिवला," देवळे म्हणाले. "आणि इजा झाली आहे. मानेला. कागदात लिहिलंय तसं."

मॅडम आत गेल्या. आम्ही व्हरांड्यात उभे. त्या खणातला कागद घेऊन आल्या, देवळ्यांच्या हातात ठेवला आणि वर स्वतःचा फोन ठेवला.

"याचंही कव्हर बघा," त्या म्हणाल्या. "मी पाडते."

नंतरच्या आठवड्यात जुईने माझी बाही ओढून मला स्टोअरपाशी नेलं आणि आत बोट दाखवलं. मग टॅबलेटवरच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. नवीन चित्र हवं असलं की ती असं करते. मला कळायला थोडा वेळ लागला. तिला देवळे हवे होते.

फोटोसाठी देवळे दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले. "पासपोर्ट साइज?" त्यांनी विचारलं. मी फोटो काढला, चौकोनात बसवला आणि माझ्या आवाजात "देवळे काका" असं भरलं. बटण काय करतं ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

त्याच दुपारी मी वर्गाच्या एका कोपऱ्यात वह्या बघत होते. दुसऱ्या कोपऱ्यातून माझा आवाज आला. "देवळे काका!"

अर्ध्या मिनिटात देवळे दारात. हातात पेचकस, धाप लागलेली. "क्या टूटा, मॅडमजी?"

मी जुईकडे बोट केलं. ते तिच्याजवळ गेले, टॅबलेट हातात घेतला, कोपरे दाबले, पट्ट्याची चाप दोनदा उघडून लावली, आवाजाच्या भोकांवर फुंकर मारली.

"सब तो ठीक है. बोलावलं कशाला?"

जुईने बटण दाबलं. "देवळे काका."

"अरे हो, पण काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलं," मी म्हणाले. "असंच बोलावलं असेल."

"असंच?"

त्यांनी तो शब्द असा उच्चारला, की मला वहीतून मान वर करावी लागली. त्यांच्या घराबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की बायकोला जाऊन सहा वर्षं झालीत आणि मूल नाही.

"मिलमध्ये मशीन थांबली की बोलावायचे," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "इथे पंखा थांबला की. असंच कोणी..." पुढे त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मग त्यांनी मुलांची एक बुटकी खुर्ची ओढली आणि जुईसमोर बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले. पेचकस खिशात घातला. जुईला काही सांगायचं नव्हतंच. ती बांगड्या पुढेमागे करत बसली होती, मधूनच त्यांच्याकडे बघत होती. ते बांगड्यांकडे बघत होते.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, नळ गळतोय म्हणून. देवळे जागचे हलले नाहीत.

"त्यांना सांगा, मॅडमजी," ते मला म्हणाले. "मी जरा जुईकडे आलोय."